यादीतले काम आणि प्रभूचे पाचारण

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांतून अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो. पूर्वी आईबाप विचारीत, "मुलाचा कल कशाकडे आहे?" किंवा "नोकरी कोठे लागेल?" आता ते विचारतात, "कोणता कोर्स केला म्हणजे तिकडे कायमचे राहता येईल?" तिकडे म्हणजे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिका. विषय, कॉलेज, पहिली नोकरी, कधी कधी लग्नसुद्धा, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून ठरू लागले आहे.

ज्यांच्या घरी हा अनुभव आलेला नाही त्यांच्यासाठी ही रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. तरुण विद्यार्थी म्हणून परदेशी जातो. शिक्षण संपले की त्याला ठराविक मुदतीचा काम करण्याचा परवाना मिळतो. त्या मुदतीत त्याने सरकारला हव्या असलेल्या प्रकारची नोकरी मिळवावी, वय, भाषा, पदवी व अनुभव यांचे गुण जमवावेत आणि कायम वास्तव्याचा अर्ज करावा. देशादेशाचे नियम निराळे असतात, पण बहुतेक ठिकाणी धंद्यांची किंवा विषयांची एखादी यादी मध्ये येतेच. म्हणून हुशार विद्यार्थी ही वाट दुसऱ्या टोकाकडून आखतो. आधी यादी पाहतो, मग काम निवडतो, मग त्या कामाचे शिक्षण.

यातून जो नैतिक प्रश्न उभा राहतो तो असा: ख्रिस्ती तरुणाने आपल्या आयुष्याचे काम एखाद्या सरकारच्या यादीवरून निवडावे काय?

याला दोन उत्तरे फार लवकर दिली जातात. एक म्हणते, हा सगळा पैशाचा लोभ आहे, मुलांनी आपल्या देशात राहून सेवा करावी. दुसरे म्हणते, दार उघडले आहे ते प्रभूनेच उघडले, त्यात विचार कसला? आम्हांस ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिले उत्तर बहुधा तेच देतात ज्यांना स्वतः पोटासाठी कोठे जावे लागलेले नाही. दुसरे उत्तर प्रत्येक उघड्या दाराला देवाची इच्छा समजते. लोटानेही यार्देनेचे हिरवेगार खोरे पाहिले, ते आपल्यासाठी निवडले आणि त्याचा तंबू सदोमापर्यंत जाऊन पोहोचला. जमीन वाईट नव्हती. त्याने निवड करताना जमिनीशिवाय दुसरे काही पाहिले नाही, हे वाईट होते.

हा प्रश्न आम्ही गोव्यातील पेडणे व डिचोली या तालुक्यांच्या संदर्भात मांडू इच्छितो. गोव्यातील ख्रिस्ती म्हटले की कॅथलिक समाजच डोळ्यांपुढे येतो. मराठी प्रॉटेस्टंट घरे तेथे थोडी, आणि त्यांतली अनेक नोकरीनिमित्त कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी या बाजूंनी आलेली. परंतु या दोन तालुक्यांना कागदावर उभ्या राहिलेल्या संसाराचा जो अनुभव आहे, तो आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल.

डिचोली हा खाणींचा तालुका. कित्येक वर्षे तेथील घरांचे उत्पन्न लोहखनिजावर चाले. कोणी खाणीत कामाला, कोणी बार्जवर. कोणी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतला आणि खाणीपासून नदीकाठच्या जेटीपर्यंत खनिजाच्या खेपा केल्या. मुलगा मोठा झाला की त्यानेही ट्रकच घ्यावा, हे ठरलेलेच असे. मग २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी बंद केल्या. त्या पुन्हा सुरू होतात न होतात तोच ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून काम थांबले. न्यायालयाचा निकाल योग्य की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. माणसे आळशी नव्हती, कामात खोट नव्हती. तरी ज्या कागदावर सारे उभे होते तो कागद गेला. पुढे लिलाव झाले, २०२४ साली डिचोलीतील एका पट्ट्यात काम पुन्हा सुरूही झाले. पण मधल्या वर्षांत ज्यांचे ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालू राहिले, त्यांना ती वर्षे कोणी परत दिली नाहीत.

पेडण्याकडे पाहिले तर दुसराच देखावा. मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. ज्या तालुक्यातून पूर्वी माणसे मुंबईची वाट धरीत, त्याच तालुक्यातून आता आकाशमार्ग निघाला. जाणे सोपे झाले. पण कशासाठी जायचे, हे काही कोणताही विमानतळ सांगत नाही.

गोव्यात आणखी एका कागदाची चर्चा घरोघर असते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज अमलात, ज्यांचा जन्म गोव्यात झाला त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून त्यांच्या मुलानातवंडांनी पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवावे, हा तो मार्ग. गेल्या काही दशकांत पुष्कळांनी तो धरला आणि त्या पासपोर्टवर इंग्लंडात जाऊन काम केले. आपल्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे सुटते, ही किंमतही त्यांनी दिली. पुढे इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडले आणि २०२० साल संपले तेव्हा नव्याने येणाऱ्यांसाठी ती मोकळीकही संपली. घाटावरून आलेल्या आपल्या घरांना तर हा मार्ग नव्हताच. ज्याच्या आजोबांचे नाव जुन्या नोंदवहीत नाही, त्याला पदवी आणि यादी एवढीच वाट उरते. शेजारच्या मुलाला जे वारशाने मिळाले ते आपल्या मुलाला कर्ज काढून मिळवावे लागते, ही बोच आईबापांच्या मनात असते आणि ती समजण्यासारखी आहे.

आता या याद्यांचे पाहू. ऑस्ट्रेलियात एके काळी स्वयंपाक आणि केशकर्तन हे विषय शिकले की कायम वास्तव्य सोपे जाई. हजारो परदेशी विद्यार्थी, त्यांत भारतीय पुष्कळ, ते विषय शिकू लागले. ८ फेब्रुवारी २०१० रोजी तेथील सरकारने मागणीतील धंद्यांची ती यादी रद्द केली, आणि त्याच वर्षी जी नवी यादी आली तीत हे धंदे नव्हते. इंग्लंडने शिक्षणानंतर काम करण्याचा मार्ग २०१२ च्या एप्रिलात बंद केला आणि २०२१ च्या जुलैत निराळ्या रूपात पुन्हा उघडला. कॅनडात १ नोव्हेंबर २०२४ पासून विद्यार्थी म्हणून अर्ज करणाऱ्या आणि कॉलेजातून पदविका घेणाऱ्या मुलांना पुढे कामाचा परवाना हवा असेल, तर त्यांचा विषय सरकारने ठरविलेल्या विषयांपैकी असावा लागतो. अमेरिकेत नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे.

यात त्या सरकारांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या देशाला कोणत्या कामाची माणसे हवीत हे ठरविण्याचा त्यांना अधिकार आहे. पण ते आपल्या गरजेसाठी यादी करतात. आपल्या मुलाचे आयुष्य कशासाठी आहे हे सांगण्यासाठी करीत नाहीत. ते सांगणे त्यांचे कामच नव्हे. खाणपट्टा आणि यादी यांची जात एकच. दोन्ही दुसऱ्याच्या हातात असतात.

ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. समजा, त्या वर्गात दोन मुले शेजारी बसली होती. एकाला स्वयंपाकाची मनापासून आवड होती, दुसऱ्याने केवळ कागदासाठी नाव घातले होते. यादी बदलली तेव्हा दोघांचाही कागद गेला. पण पहिला मुलगा स्वयंपाकी राहिला. मेलबर्नमध्ये नाही तर पणजीत, पेडण्यात, कोठेही माणसांना जेवू घालणारा राहिला. दुसऱ्याच्या हाती कागदही नाही आणि कामही नाही, फक्त कर्ज. यादीने पहिल्याचे थोडे नेले, दुसऱ्याचे सगळे नेले, कारण दुसऱ्याने सगळेच तिच्या हवाली केले होते.

येथे पाचारण या शब्दाकडे वळले पाहिजे, कारण तो आपल्या प्रॉटेस्टंट वारशाचा शब्द आहे. सुधारणेच्या काळापर्यंत पाचारण म्हणजे मठाचे किंवा याजकपणाचे, अशी समजूत होती. मार्टिन ल्यूथरने शिकविले की शेतकरी, मोलकरीण, आई, न्यायाधीश, प्रत्येकाचे प्रामाणिक काम हे देवाचे पाचारण असू शकते, कारण त्यातून देव शेजाऱ्याची काळजी वाहतो. आपण त्याचा अर्ध्यानेच स्वीकार केला आहे. पाळकसाहेबांना आपण पाचारणाविषयी विचारतो. नर्सिंगला किंवा संगणकाकडे जाणाऱ्या मुलाला फक्त पगाराविषयी विचारतो.

कोणी म्हणेल, आमच्या वडिलांनी खाणीत नोकरी धरली तेव्हा पाचारणाचा विचार केला होता काय? पोटाचा केला. हे खरे आहे, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. प्रेषित पौल तंबू करून पोट भरत असे. करिंथ येथे तो ज्या घरी राहून हा धंदा करू लागला ते घर अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचे. हे जोडपे मूळचे करिंथचे नव्हे. अक्विल्ला पंत प्रांतात जन्मलेला, रोमेत स्थायिक झालेला. पण सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केला आणि त्यांचे तेथील वास्तव्य एका हुकमाने संपले. पुढे ती दोघे करिंथहून इफिसास गेली, पुन्हा रोमेत आली. गावे बदलली, राजाची मर्जी बदलली, पण दोन गोष्टी त्यांच्याबरोबर सगळीकडे गेल्या: हातातला धंदा, आणि घरात भरणारी मंडळी. इफिसात त्यांनी अपुल्लोसारख्या विद्वानाला प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. कोणत्या देशाने त्यांना कायम राहू दिले, हे आज कोणी विचारीत नाही.

यातून आम्हांस तीन गोष्टी निरनिराळ्या दिसतात. एक उपजीविका, दुसरी परवाना, तिसरी पाचारण. उपजीविका गरजेप्रमाणे निवडावी, यादी पाहूनही निवडावी. तो तंबूचा धंदा आहे. परवान्यासाठी रीतसर खटपट करावी. पौलानेही फिलिप्पै येथे व यरुशलेमात आपले रोमी नागरिकत्व पुढे केले. त्या वेळी रोमी सरदार क्लौद्य लुसिया याने सांगितले की आपण हा हक्क मोठी रक्कम देऊन विकत घेतला. पौलाला तो जन्माने होता. एकाला वारशाने, दुसऱ्याला पैशाने, ही गोव्यातली गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीही होतीच. पौलाने त्या हक्काची लाज धरली नाही आणि त्यावर आपला मानही उभा केला नाही. ज्या फिलिप्पैकरांना रोमी नागरिकत्वाचा अभिमान होता, त्यांनाच त्याने लिहिले की आपले खरे नागरिकत्व वरचे आहे. मात्र तिसरी गोष्ट, आयुष्य कोणाच्या उपयोगी पडावयाचे, ही त्याने ना धंद्याला ठरवू दिली, ना रोमेला.

जॉन कॅल्व्हिनचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो फ्रेंच निर्वासित. १५४१ साली तो जिनिव्हात परत आला आणि तेथील मंडळीची घडी त्याने बसविली. पण त्या शहराचे नागरिकत्व त्याला मिळाले ते १५५९ च्या नाताळात. अठरा वर्षे त्याने परका म्हणून काम केले. कागदाची वाट पाहत काम थांबवून ठेवले असते, तर आज आपल्यापाशी काय असते?

आपल्या मराठी मंडळीला सर्वांत जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असा त्यांचा विचार होता. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. ज्या धंद्यासाठी समुद्र ओलांडला तोच हातचा गेला. आजचा विद्यार्थी अशा वेळी म्हणेल, सगळे संपले. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकू व शिकवू लागल्या, पुढे अमेरिकेत गेल्या, बालशिक्षणाची नवी पद्धत शिकल्या आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. त्यांचा विषय बदलला, पण ज्या स्त्रियांसाठी त्या शिकत होत्या त्या बदलल्या नाहीत. त्यांनी "मी काय होणार?" यापेक्षा "मी कोणासाठी?" हा प्रश्न आधी सोडविला होता, म्हणून एक दार लागले तरी त्या थांबल्या नाहीत.

यावरून प्रत्येकाने परत यावे असा नियम आम्ही काढीत नाही. पेडण्याच्या उत्तरेस, तेरेखोल ओलांडून थोडे पुढे गेले की वेंगुर्ले. तेथे अमेरिकेहून आलेले मिशनरी डॉक्टर गोहीन यांनी काम केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात आला. कोणी आपला देश सोडून दुसरीकडे राहतो, कोणी परत येतो; पाचारण दोन्हींकडे असू शकते. टोरंटोच्या रुग्णालयात म्हाताऱ्या माणसाची पाठ पुसणारी आपली मुलगीही प्रभूचेच काम करीत आहे, जर ती ते त्या माणसासाठी करीत असेल.

आता एका कठीण गोष्टीविषयी बोलले पाहिजे. कागद हेच सर्वस्व झाले की खोटेपणा फार दूर राहत नाही. न केलेल्या नोकरीचे प्रमाणपत्र, पैसे देऊन घेतलेले नेमणूकपत्र, नावापुरते लग्न, हे सर्व आपल्या कानांवर येते. कॅनडात नोकरीची हमी असल्यास जे जादा गुण मिळत, ते तेथील सरकारने २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले. अशा हमीपत्रांची विक्री होत होती, तिला आळा घालणे हे त्याचे कारण होते. ज्यांनी प्रामाणिकपणे नोकरी मिळविली होती त्यांचेही गुण त्यात गेले. खोट्या कागदाची किंमत अशी दुसराच कोणी भरतो. अब्राहामाने मिसर देशात परका म्हणून भीतीपोटी सारेला बहीण म्हटले. तो वाचला, पण फारोच्या घरात जावे लागले ते सारेला. विश्वासाचा जनक म्हणविला जाणारा माणूसही परक्या देशात भीतीने घसरला. म्हणून आपल्या मुलांना आपण कठोर शब्दांनी नव्हे, पण स्पष्ट सांगितले पाहिजे की खोटे बोलून मिळालेल्या देशात माणूस कधीच स्थायिक होत नाही. दारावर थाप पडली की दचकतो.

तर मग निवड करणाऱ्या तरुणाने काय करावे? आम्हांस तीन प्रश्न सुचतात. पहिला: कागद मिळाला नाही आणि डिचोलीस परत यावे लागले, तर हे काम मला तेथेही करावेसे वाटेल काय? दुसरा: या कामाने कोणाचे भले होते, आणि तो माणूस मला दिसतो काय? तिसरा: घेतलेले कर्ज एवढे तर नाही ना, की परत येण्याची वाटच बंद व्हावी? कारण ज्याला परत येता येत नाही तो मालकापुढे ताठ उभा राहू शकत नाही. अमेरिकेत तात्पुरत्या परवान्यावर असलेल्याची नोकरी सुटली तर दुसरी शोधण्यास बहुधा साठ दिवस मिळतात. अशा माणसाकडून अन्याय सहन करवून घेणे सोपे असते. पौलाने दासांना लिहिताना म्हटले की ज्या स्थितीत पाचारण झाले तीत खंत करू नये, पण मोकळे होता येत असेल तर त्याचा उपयोग करावा. या सल्ल्याच्या दोन्ही बाजू आपल्या मुलांना लागू आहेत.

आणि मंडळीने काय करावे? आपण फार वेळा पासपोर्टावरून घरे मोजतो. ज्याचा मुलगा तिकडे स्थिरावला त्याच्यासाठी उपकारस्तुती होते, ज्याचा परत आला त्याच्या घरी कोणी जात नाही, आणि गेलेच तर "काय झाले?" एवढेच विचारायला. या भीतीनेही मुले खोटे कागद करतात आणि तिकडे एकटी झुरत राहतात. परत आलेल्याला उपासनेत त्याच मानाने बसविणे, त्याच्या कर्जाच्या अडचणीत हात देणे, ही मंडळीची सेवा आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की दानीएल व योसेफ यांचे धडे शिकविताना त्यांना मिळालेल्या मोठ्या हुद्द्यावर धडा संपवू नये. योसेफ तुरुंगात असतानाही योसेफच होता. तेथेही तो दुसऱ्यांची उतरलेली तोंडे पाहून विचारपूस करीत होता. हे ज्या मुलाच्या मनात लहानपणी रुजले, त्याने पुढे कोणतीही यादी हाती घेतली तरी ती त्याच्या हातात राहील, तो तिच्या हातात जाणार नाही.

मुलांना जाऊ द्या. रीतसर अर्ज करू द्या, गुण जमवू द्या, मिळाले तर देवाचे आभार माना. पण निघण्यापूर्वी त्यांच्याबरोबर एकदा बसून हे विचारा: बाळा, तुझा हा कागद उद्या गेला, तर तुझ्यापाशी काय उरेल? त्याचे उत्तर त्याला देता आले, तर तो कोठेही गेला तरी चिंता नाही. ते देता येत नसेल, तर आणखी एक वर्ष घरी राहण्यात काही बिघडत नाही.